थट्टेला दगडाचे उत्तर: एका जुन्या वादाचा आढावा

२०१६ च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला परभणीत मराठा समाजाचा मूक मोर्चा निघाला. कोपर्डीच्या घटनेनंतर औरंगाबादेतून ९ ऑगस्टला सुरू झालेल्या मोर्चांच्या मालिकेतला हा एक. पुढे मुली, मागे बाया, त्यामागे पुरुष. घोषणा नाहीत, भाषणे नाहीत. इतकी माणसे रस्त्यावर उतरूनही एक काच फुटली नाही, याचे नवल त्या काळात सगळ्या महाराष्ट्राने केले. त्यानंतर तीन आठवड्यांनी, २५ सप्टेंबरला, ‘सामना’च्या ‘उत्सव’ पुरवणीत एक व्यंगचित्र छापून आले. ‘मूक’ या शब्दातला दीर्घ उकार ऱ्हस्व झाला, शेवटी एक काना लागला आणि ‘मुका’ तयार झाला. कोटी एवढीच होती. पण ज्या मोर्चाच्या मुळाशी एका मुलीवरचा अत्याचार होता, त्याच्यावरची ही कोटी मराठवाड्यातल्या घराघरांत बायकांना जिव्हारी लागली. नवी मुंबईत ‘सामना’च्या कार्यालयावर दगड पडले. संभाजी ब्रिगेडने त्याची जबाबदारी घेतली. व्यंगचित्रकारांनी माफी मागितली, पुढे ‘सामना’ चालवणाऱ्या शिवसेनेच्या पक्षप्रमुखांनीही मागितली.

या एका प्रसंगात वादाच्या सगळ्या बाजू एकत्र सापडतात. थट्टा वाईट होती, हे जवळपास सर्वांना मान्य होते. दुखावलेल्यांचे दुःख खरे होते. लाखोंनी ते गिळले किंवा शब्दांत मांडले, मूठभरांनी दगड उचलला. या दगडाचे समर्थन करता येते का? गेली निदान वीस-पंचवीस वर्षे महाराष्ट्र या प्रश्नापाशी पुन्हा पुन्हा येतो आहे. आजवर कोणी काय म्हटले आणि काय सुटायचे राहिले, ते येथे क्रमाने मांडतो.

पूर्वपीठिका

थट्टेला मराठीत जितके शब्द आहेत तितक्या तिच्या पायऱ्या आहेत. थट्टा, मस्करी, चेष्टा, फिरकी ही घरातली, ओसरीवरची. टिंगल आणि टवाळी जरा बाहेरची. खिल्ली, हेटाळणी, कुचेष्टा या शब्दांत समोरच्याला खाली पाडण्याचा हेतू आलेला असतो. विडंबन ही कला, तर विटंबना हा गुन्हा, आणि दोन्ही शब्द एकाच मुळातून आलेले. आपल्या पूर्वजांनी या पायऱ्या ओळखल्या होत्या, म्हणूनच त्यांनी थट्टेला दिवस आणि जागा नेमून दिल्या. शिमग्याची बोंब शिमग्यालाच. तमाशातल्या सोंगाड्याने पाटलाला टोमणा मारायचा तो वगातच. परभणीच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात, केज तालुक्यातल्या विडा गावी धुळवडीला जावयाची गाढवावरून मिरवणूक काढतात. आधीचे काही दिवस गावातले जावई लपून बसतात, सापडलेला गाढवावर बसतो आणि शेवटी त्याला नवे कपडे आणि सोन्याची अंगठी मिळते. मान राखून केलेली ही चेष्टा आहे. ती सोसणाऱ्याला तिचा शेवट ठाऊक असतो.

सीमा ओलांडणाऱ्या थट्टेचे काय, याची दोन टोकाची उत्तरे आपल्या परंपरेत आहेत. एक पैठणच्या नाथांचे. गोदावरीत स्नान करून येणाऱ्या एकनाथांवर एक जण थुंकत राहिला आणि नाथ १०८ वेळा पुन्हा स्नानाला गेले, ही कथा मराठवाड्यातल्या प्रत्येक कीर्तनात येते. दुसरे उत्तर हस्तिनापूरचे. मयसभेत दुर्योधन पाण्यात पडला, लोक हसले आणि त्या हसण्याची किंमत द्यूतसभेत वसूल झाली. येथे एक तपशील लक्षात घेण्याजोगा आहे. ‘आंधळ्याचा मुलगा आंधळाच’ असे द्रौपदी म्हणाली, असे आपण लहानपणापासून ऐकतो. महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत ते वाक्य नाही. तेथे हसतात ते भीम आणि इतर. द्रौपदी हसल्याचे दुर्योधन नंतर बापापुढे गाऱ्हाणे मांडताना सांगतो. सूड मात्र तिच्यावर उगवला गेला. मग लोकपरंपरेने तो सूड पटावा म्हणून की काय, तिच्या तोंडी थट्टा घातली. ही चिकित्सित आवृत्ती तयार करायला पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ पासून १९६६ पर्यंतचा काळ घेतला. या संस्थेकडे पुन्हा यावे लागणार आहे.

आधुनिक महाराष्ट्रात उपहास हे लढाईचे हत्यार झाले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त जोतीराव फुल्यांच्या व्याकरणाची खिल्ली उडवली. आगरकरांची तर ते जिवंत असताना पुण्यात प्रेतयात्रा काढली गेली. फुले लिहीत राहिले, आगरकर ‘सुधारक’ चालवत राहिले. पुढे १९७२ मध्ये ‘घाशीराम कोतवाल’वरून वादळ उठले आणि ते पहिल्यांदा रंगमंचावर आणणाऱ्या संस्थेने १९ प्रयोगांनंतर नाटक थांबवले, तरी थिएटर अकादमीने ते पुन्हा उभे केले. विसाव्या शतकात धाकदपटशा नव्हता असे नाही. पण वादाचे आजचे रूप ठरले ते २००३-०४ च्या हिवाळ्यात.

भांडारकर, ५ जानेवारी २००४

जेम्स लेन या अमेरिकी अभ्यासकाचे शिवाजी महाराजांवरचे पुस्तक २००३ मध्ये ऑक्सफर्डने काढले. त्यात एका ठिकाणी, मराठी माणसे आपसात करतात म्हणून, एका विनोदाचा उल्लेख होता. तो विनोद जिजाऊंच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवणारा होता, म्हणून तो येथे सांगत नाही. पुण्यातल्या इतिहासकारांनी प्रकाशकाला पत्र लिहून निषेध केला आणि नोव्हेंबर २००३ मध्ये ऑक्सफर्डने भारतातून पुस्तक मागे घेतले. म्हणजे शब्दाने शब्दाचे काम केले होते.

तरीही डिसेंबरात शिवसैनिकांनी संस्कृत पंडित श्रीकांत बहुलकर यांच्या तोंडाला काळे फासले. त्यांचा दोष एवढाच, की लेनने ऋणनिर्देशात त्यांचे नाव घेतले होते. गजानन मेहेंदळे हे लेनचा निषेध करणाऱ्यांपैकीच. काळे फासल्याची बातमी कळल्यावर त्यांनी स्वतः लिहीत असलेल्या शिवचरित्राची पाने फाडून टाकली. या साऱ्या वादात मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी घटना हीच वाटते. ज्याच्या श्रद्धेला खरोखर धक्का बसला होता, त्याने आपला राग आपल्याच कागदांवर काढला. तेव्हा शिवसेनेत असलेल्या राज ठाकरे यांनी नंतर बहुलकरांची माफी मागितली.

५ जानेवारीला संभाजी ब्रिगेडचे कार्यकर्ते भांडारकरमध्ये शिरले. कपाटे उलटली, ग्रंथ आणि पोथ्या जमिनीवर आल्या. ब्रिगेडची बाजू तिच्याच शब्दांच्या जवळ जाऊन मांडायची तर अशी: हा विनोद नव्हताच. बहुजनांच्या राजमातेची ती बदनामी होती, एका जातीच्या मनातली अढी परदेशी लेखकाच्या लेखणीतून आली होती, आणि त्या लेखकाला माहिती पुरवणारे ज्ञानाचे गड फोडल्याशिवाय कोणी ऐकणार नव्हते. या मांडणीतला जातीचा प्रश्न खोटा नाही. महाराष्ट्रात कोण कोणावर हसत आला, याला शतकांचा इतिहास आहे. पण संस्थेने तो विनोद केला, छापला किंवा सांगितला, हे कोणी दाखवू शकले नाही.

त्याच महिन्यात राज्य सरकारने पुस्तकावर बंदी घातली. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकाशकावरचा गुन्हा रद्द केला, उच्च न्यायालयाने बंदी उठवली आणि जुलै २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला.

त्यानंतरची माळ लांब आहे. मे २०१२ मध्ये शंकर यांच्या १९४९ सालच्या व्यंगचित्रावरून वाद पेटला. संविधाननिर्मितीच्या गोगलगायीवर बसलेले बाबासाहेब आणि मागे चाबूक घेतलेले नेहरू असे ते चित्र अकरावीच्या पाठ्यपुस्तकात होते. पुणे विद्यापीठात त्या पुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकर यांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात एका तरुणीच्या फेसबुकवरच्या टिप्पणीमुळे पालघरमध्ये तिच्या काकांचे रुग्णालय फोडले गेले. जानेवारी २०१७ मध्ये नाटककार राम गणेश गडकरी यांचा पुतळा पुण्याच्या संभाजी उद्यानातून काढून मुठेत टाकला गेला. आक्षेप ‘राजसंन्यास’मधल्या संभाजी महाराजांच्या चित्रणावर होता, आणि ते लिहिणारे गडकरी १९१९ मध्येच गेले होते. २०२० मध्ये मुख्यमंत्र्यांवरचे व्यंगचित्र पुढे पाठवले म्हणून कांदिवलीत एका निवृत्त नौदल अधिकाऱ्याला मारहाण झाली. आणि २३ मार्च २०२५ ला विनोदकार कुणाल कामराच्या विडंबनगीतावरून खारच्या हॅबिटॅट स्टुडिओची तोडफोड झाली. उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांचे नाव न घेता केलेले ते गीत होते.

चार भूमिका

पहिली भूमिका सर्वांत स्वच्छ आहे: कदापि नाही. शब्दाला शब्द, चित्राला चित्र, फार तर बहिष्कार आणि खटला. या भूमिकेचा सर्वांत भक्कम आधार बाबासाहेबांच्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात आहे. सनदशीर मार्ग मोकळे असताना इतर मार्गांना समर्थन उरत नाही, ती अराजकाची सुरुवात ठरते, असे त्यांनी बजावले. मात्र हे भाषण पूर्ण वाचावे. सनदशीर मार्गच नव्हते तेव्हा इतर मार्गांना समर्थन होते, असेही ते त्याच ओघात म्हणाले. म्हणून या भूमिकेचा कस ‘मार्ग मोकळा आहे का’ या प्रश्नावर लागतो.

दुसरी भूमिका म्हणते, समर्थन नाही, पण समजून घेता येते. आईवरून, बहिणीवरून, अपंगत्वावरून कोणी तोंडावर बोलले आणि हात उठला, तर त्या हाताला आपण दंगलखोराच्या हाताच्या रांगेत बसवत नाही. मार्च २०२२ मध्ये ऑस्करच्या मंचावर पत्नीच्या आजारावरच्या विनोदामुळे विल स्मिथने ख्रिस रॉकच्या थोबाडीत मारली, तेव्हा जगभरात हीच चर्चा झाली. पुष्कळांना नवऱ्याचा राग कळला. तरी अकादमीने त्याच्यावर १० वर्षांची बंदी घातली.

तिसरी भूमिका विनोदालाच प्रश्न विचारते. बलवानावर हसणे आणि दुबळ्यावर हसणे एक नव्हे, असे ती सांगते. शंकर यांच्या चित्रावर बाबासाहेबांनी स्वतः आक्षेप घेतल्याचे दिसत नाही. पण वर्गात एकट्या पडलेल्या दलित विद्यार्थ्यासमोर तेच चित्र उघडले की काय होते, हा आक्षेप गंभीर होता. पाठ्यपुस्तकांच्या तपासणीसाठी नेमलेल्या सुखदेव थोरात समितीने तो मानून काही चित्रे वगळण्याची शिफारस केली, तर समितीतले एम. एस. एस. पांडियन यांनी वेगळे मत नोंदवले. जातीवरून भर चौकात केलेली ‘मस्करी’ ॲट्रॉसिटी कायद्याने गुन्हा ठरवली, ती याच जाणिवेतून. ही भूमिका बहुतेकदा हिंसेचे समर्थन करत नाही. थट्टेने झालेली जखम खरी माना, एवढे तिचे मागणे आहे, आणि मला ते रास्त वाटते.

चौथी भूमिका राजकारणातली: क्रियेला प्रतिक्रिया उमटणारच. हॅबिटॅट प्रकरणानंतर शिंदे यांनी या आशयाचे उद्गार काढले, आपल्याला व्यंग कळते पण त्याला मर्यादा हवी, असेही सांगितले. त्यांच्या आधी हेच वाक्य जवळपास प्रत्येक पक्षाने आपापल्या वेळी वापरलेले आहे. ही भूमिका पुढे काय घडेल ते सांगते, ते योग्य की अयोग्य हे सांगतच नाही. प्रतिक्रिया निसर्गनियमासारखी मानली की दगड कोणाच्या हातात होता, हे विचारायचे राहून जाते.

कायदा कोठे उभा आहे

कायद्याने अपमानाला कमी लेखलेले नाही. जाणूनबुजून अपमान करून समोरच्याला शांतता भंग करायला डिवचणे, याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५२ नुसार दोन वर्षांपर्यंत कैद आहे. उलट, गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभामुळे एखाद्याने साधी दुखापत केली तर कलम १२२(१) नुसार फार तर एक महिना कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. असा प्रक्षोभ नसताना केलेल्या साध्या दुखापतीला एक वर्षापर्यंत कैद. प्रक्षोभाने शिक्षा कमी होते, गुन्हा पुसला जात नाही. दुसरी भूमिका कायद्यात आली आहे ती अशी.

‘आकस्मिक’ म्हणजे काय, हे मुंबईच्याच एका खटल्याने ठरवले. १९५९ च्या नानावटी प्रकरणात, म्हणजे नौदल अधिकाऱ्याने पत्नीच्या प्रियकराचा खून केल्याच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की शब्द आणि हावभावही प्रक्षोभक ठरू शकतात. मात्र त्याच समाजातल्या, त्याच परिस्थितीतल्या समंजस माणसाचा ताबा सुटला असता का, आणि राग निवायला वेळ मिळाला होता का, हे पाहावे लागेल. नानावटी घरून निघाले, बायकोमुलांना सिनेमाला सोडून आले, जहाजावरून रिव्हॉल्व्हर घेतले आणि मग त्या प्रियकराच्या घरी गेले. एवढा वेळ मध्ये गेल्यावर बचाव टिकला नाही.

ही कसोटी वरच्या माळेला लावून पाहा. निरोप फिरवून, गाड्या भरून, झेंडे घेऊन आलेल्या जमावाचा प्रक्षोभ आकस्मिक कसा म्हणायचा? त्याहून मोठी गोष्ट अशी, की हा बचाव डिवचणाऱ्यावरच हात उठला तरच बहुधा उपयोगी पडतो. आपल्याकडे मार कोणी खाल्ला? संस्कृतचा पंडित, ग्रंथालय, काकांचे रुग्णालय, दुसऱ्याचे चित्र पुढे पाठवणारा म्हातारा माणूस, भाड्याने मंच देणारा स्टुडिओ. थट्टा करणारा बहुतेक वेळा तिथे नव्हताच. या प्रकरणांचा आढावा घेताना ही गोष्ट मला सर्वांत ठळकपणे दिसली. द्रौपदीपासून हॅबिटॅटपर्यंत वार तिऱ्हाइतावर होतो.

अपमान कोणाच्या कातडीने मोजायचा, यावरही न्यायालये बोलली आहेत. १९४६ मध्ये नागपूरच्या उच्च न्यायालयात न्या. व्हिव्हियन बोस यांनी मापदंड सांगितला तो खंबीर, समंजस माणसाचा. प्रत्येक टीकेत धोका पाहणाऱ्या डळमळीत मनाचा नव्हे. मार्च २०२५ मध्ये इम्रान प्रतापगढी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तोच पुन्हा उचलला. दुसरीकडे, वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या ‘गांधी मला भेटला’ या कवितेच्या खटल्यात २०१५ मध्ये त्याच न्यायालयाने म्हटले, की थोर ऐतिहासिक व्यक्तीच्या तोंडी अश्लील भाषा घालण्याचा कलावंताला मुक्त परवाना नाही. कविता १९९४ मध्ये एका बँक कर्मचारी संघटनेच्या पत्रिकेत आली होती आणि खटला आमच्या मराठवाड्यातल्या लातूरच्या न्यायालयातला. त्या कवितेसाठी कोणी दगड उचलला नाही, तक्रारदार न्यायालयात गेले. पण तिथून उत्तर यायला वीस वर्षांवर काळ गेला.

परभणी, डिसेंबर २०२४

१० डिसेंबर २०२४ ला परभणीत रेल्वे स्थानकाजवळ बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची मोडतोड झाली. हा विनोद नव्हता, विटंबना होती. तरी या प्रश्नावर परभणीत बसून लिहिताना ती घटना ओलांडून जाता येत नाही. ११ तारखेच्या बंदमध्ये दगडफेक आणि जाळपोळ झाली, ज्या दुकानदारांचे नुकसान झाले त्यांचा विटंबनेशी काही संबंध नव्हता. मग पोलिसांची धरपकड झाली. अटकेतल्या सोमनाथ सूर्यवंशी या कायद्याच्या विद्यार्थ्याचा १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. पोलिसांवर गुन्हा नोंदवण्याचा आदेश औरंगाबाद खंडपीठाने जुलै २०२५ मध्ये दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला.

हॅबिटॅट प्रकरणात अटक झालेल्यांना त्याच दिवशी जामीन मिळाला होता. बाबासाहेबांनी सांगितलेला सनदशीर मार्ग सर्वांसाठी सारखा मोकळा का नाही, हे ही दोन प्रकरणे शेजारी ठेवल्यावर विचारावेच लागते.

काय सुटायचे आहे

दुबळ्याच्या जखमेला लवकर ऐकून घेणारी जागा कोणती, हे ठरलेले नाही. तक्रार घेतली जात नाही आणि घेतली तर निकाल पिढीभराने येतो, हे कारण दगड उचलणारे नेहमी सांगतात, आणि ते पूर्ण खोटे नाही. विनोद करणाऱ्यावर पोलिसी कारवाई करणे हा हिंसेला पर्याय आहे की जमावाला दिलेले बक्षीस, यावर जाणत्यांत मतभेद आहेत. हॅबिटॅट फुटल्यावर दुसऱ्या दिवशी महापालिकेनेच तिथल्या बांधकामावर हातोडा चालवला, तेव्हा हा प्रश्न अधिक तीव्र झाला. तिऱ्हाइताच्या नुकसानीची भरपाई दंगलखोरांकडून वसूल करण्याची तत्त्वे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये घालून दिली. प्रत्यक्षात ती क्वचितच दिसतात. आणि मोबाइलवर फिरणाऱ्या थट्टेला शिमग्यासारखी नेमलेली जागाच उरलेली नाही. ओसरीवरची मस्करी क्षणात चौकातली हेटाळणी होते, हा प्रश्न तर अजून नीट मांडलाही गेलेला नाही.

माझा निष्कर्ष असा, की ज्याचा तिथल्या तिथे तोल गेला त्याची शिक्षा कमी व्हावी, कायदा ती कमी करतोही. पण ठरवून केलेल्या हिंसेचे समर्थन यातले एकही प्रकरण करू शकलेले नाही, कारण मार खाणारा जवळपास दरवेळी थट्टेशी संबंध नसलेला होता. भांडारकरच्या खटल्यात ६८ आरोपींना पुण्याच्या न्यायालयाने २०१७ च्या नोव्हेंबरात पुराव्याअभावी निर्दोष सोडले. विस्कटलेल्या पोथ्या आणि पुस्तके लावण्याचे काम संस्थेतल्या माणसांनी आणि मदतीला धावून आलेल्या वाचकांनी केले.